घरचा निषाद

"दोन्ही दारं लावून घे," अच्युतबुवा म्हणाले.

मी रस्त्याकडचं दार लावलं, मग माजघराकडचं लावलं. परत येऊन तंबोऱ्याला हात घालते तर म्हणाले, "कड्या घातल्यास का?" पुन्हा उठून कड्या घातल्या. बुवांच्या बैठकीच्या खोलीची दारं शिकवणीच्या वेळी बंद झालेली मी तोवर पाहिली नव्हती. पोस्टमन डोकावायचा, भाजीवाली उंबऱ्यावर टोपली टेकून दम खायची, काकू मधूनच चहा आणून ठेवायच्या. बुवा म्हणायचे, ध्रुपद काय चोरून ऐकायची वस्तू आहे? लोकांना हाताला धरून आणून बसवलं तरी ऐकत नाहीत. आणि आज कड्या. कड्या घालून त्या घरात एकच गोष्ट शिकवतात हे मी ऐकून होते.

"दादांचा राग," बुवा म्हणाले. "महोत्सवात समारोपाला तू गायचास."

दादा म्हणजे बुवांचे आजोबा. जवळच्याच एका लहानशा संस्थानात ते गवई होते. तिथं त्यांनी हा राग बांधला, त्यात शंकराच्या वर्णनाचा एक धमार रचला आणि रागाला नाव द्यायचं राहूनच गेलं. मेढेकरांच्या घरात त्याला दादांचा राग म्हणत. बुवा तो बाहेर कधी गात नसत. वर्षातून एकदा, दादांच्या श्राद्धाला, घरची माणसं जेवून उठली की तेवढा व्हायचा. मी त्या घरात इतकी वर्षं पडून होते, पण श्राद्धाच्या दिवशी मला सुट्टी असायची.

बाहेर तो राग एकदाच गायला गेला होता. साताऱ्यात मोघेसरांनी ध्रुपदमाला सुरू केली तेव्हा तिचं पहिलं पुष्प बुवांच्या वडिलांनी गुंफलं, आणि त्या दिवशी ते दादांचा राग गायले. मोघेसर शाळेत भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ही माला चालवायचे. ख्याल नाही, ठुमरी नाही, नाट्यपद तर नाहीच. फक्त जुनं तेवढं. ध्रुपद, धमार, पखवाज, कधीमधी बीन. गावात तिला जांभईमाला म्हणत. पण सरांनी ती एकही वर्ष खंड न पडू देता रौप्यमहोत्सवापर्यंत आणली होती, आणि जिथून सुरुवात झाली तिथंच महोत्सवाचा शेवट व्हावा, असा त्यांचा हट्ट होता. बुवांना दम्यानं धरलेलं. मुलगा श्रीपाद पुण्याला बँकेत, रविवारी येऊन गळा साफ करून जायचा. त्याचं गाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे बुवांना कळत होतं आणि बोलवत नव्हतं. उरले मी.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. मला मेढेकरांच्या घरची म्हणवून घ्यायचं होतं. आमचं मोती चौकात भांड्यांचं दुकान. आम्ही तांबट. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभर भांडी विकायचे आणि गिऱ्हाइकाला हवं असेल तर छिन्नीनं टकटक करत भांड्यावर नाव घालून द्यायचे. बुवा मला चिडवायचे, तुझा कान तयार आहे कारण तू पाळण्यात असल्यापासून पितळ ऐकते आहेस. त्यांच्याकडे जायला लागल्यापासून मी त्या घरचं काय केलं नाही? काकूंचं बाळंतपण सोडून सगळं केलं, तेही फक्त श्रीपाद माझ्याआधी जन्मला म्हणून. पापड लाटले, दम्याच्या पुड्या आणल्या, बुवांच्या मागं तंबोरा घेऊन गावोगाव बसले. कोल्हापूरच्या एका संगीत विद्यालयात मला नोकरी मिळत होती. बुवा म्हणाले, "तिथं पोरींना भजनं शिकवत बसणार, की इथलं पुढं नेणार?" मी नोकरी सोडली. अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बाहेरची हायेस पोरी, जपून." मी ते बुवांना सांगितलं तर बुवा खो खो हसले. "बाहेरची? अगं, तू घरचीच."

तर त्या दिवशी कड्या घालून मी बसले आणि बुवांनी दादांचा राग उघडला. उघडला हाच शब्द बरोबर आहे. अवघड राग होता, उलटसुलट वाटांचा, पण एकदा आत शिरलं की घर ओळखीचं वाटावं तसा. स्थायी बसवायलाच दिवस गेले. अंतरा आला तेव्हा शेवटच्या ओळीत मी अडखळले. वरच्या षड्जावरून खाली येताना बुवा कोमल निषाद घेत होते. माझा गळा तिथं नीट बसेना. लागायचा, पण खड्यावर पाय पडल्यासारखं व्हायचं.

मी तसं सांगितलं. बुवांनी अंगावरची शाल काढून पुन्हा नीट पांघरली. मग म्हणाले, "मंदा, माणूस दिवसभर बाहेर कितीही छाती काढून हिंडो. घरी परतताना त्याची मान जरा खाली असते. तसा हा निषाद. उतरताना उतरलेला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका वाक्यासाठी कोल्हापूर सोडलं ते बरंच झालं असं वाटलं. त्यानंतर निषाद कधी अडला नाही. खडा असला तरी मी त्याच्यावर पाय घट्ट रोवून उभी राहायला शिकले.

एका स्वराची किंमत मला बुवांनीच शिकवली होती. नवीन असताना एकदा माझा गंधार सैल पडला, पुन्हा घेतला तरी सैल पडला. बुवांनी माझ्या हातातून तंबोरा काढून घेतला. "घरी जा. एक स्वर चुकला म्हणजे गाणं चुकलं, मग बाकीचं कितीही छान गा." मी रडत दुकानात जाऊन बसले होते. अण्णांनी नाव घालायला घेतलेलं घंगाळ बाजूला ठेवलं आणि मला उसाचा रस पाजला.

महोत्सवाची शेवटची सभा रविवारी सकाळी होती. थंडीचे दिवस. अजिंक्यताऱ्यावरचं धुकं खाली शाळेच्या पटांगणापर्यंत आलेलं. मोघेसरांनी मांडव घातला होता, आणि जांभईमालेला म्हणून कधी न येणारं गाव पेढे वाटणार आहेत हे कळल्यामुळे आलं होतं. सांगलीहून आलेल्या पखवाजवाल्यांनी डाव्या तोंडाला कणीक लावून पखवाज जुळवून घेतला. काकू आल्या नाहीत, बाहेरगावच्या पाहुण्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. पहिल्या रांगेत शाल गुंडाळून बुवा, त्यांच्या एका बाजूला श्रीपाद, दुसऱ्या बाजूला मोघेसर. अण्णा मागं खांबाला टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात.

सरांनी माझी ओळख करून दिली. बुवांच्या शिष्या कुमारी मंदाकिनी तांबट, म्हणाले. घराण्याचं नाव घेतील म्हणून मी वाट पाहत होते, ते त्यांनी घेतलं, पण बुवांच्या वडिलांविषयी बोलताना. मनाशी म्हटलं, गाऊन झाल्यावर घेतील.

आलाप मी गायले तो मी आजही विसरलेले नाही. बढाई म्हणून सांगत नाही. आयुष्यात दोनतीनदा आपण गात नसतो, नुसते बाजूला सरून बसलेले असतो, तसा तो दिवस होता. धमार सुरू झाला. पेढ्यांसाठी आलेली माणसंसुद्धा हलेनाशी झाली. अंतऱ्याची शेवटची ओळ आली, मी वर षड्जावर थांबले आणि मान खाली घालून घरी आल्यासारखी कोमल निषादावर उतरले.

"वा!" बुवा म्हणाले.

बुवांनी शिष्याला भर सभेत दाद दिलेली मी कधी ऐकली नव्हती. मी डोळे उघडले. मोघेसर बुवांकडे वळून हसत होते आणि बुवांनी त्यांच्याकडे पाहून हलकेच मान हलवली. श्रीपादनं मात्र खाली पाहिलं. जळतोय, असं मला वाटलं. मला त्याची कीवही आली. ती ओळ मी पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच उतरले, आणि ते दोघं म्हातारे पुन्हा एकमेकांकडे पाहून हसले. सर काय, पहिल्या सभेपासूनचे साक्षीदार. सोनं कसाला लागलं, असं मी धरून चालले.

सभा संपल्यावर बुवांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सरांनी सगळं गाणं टेपवर घेतलं होतं, ते म्हणाले की हा ठेवा झाला. अण्णांना पेढा खाता खाता रडू आलं आणि दोन्ही जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन बुवांकडे गेले. बुवा सरांबरोबर फिरायला गेले होते. काकू मागच्या पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. काकूंना मी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या घरात गाणं पुरुषांनी गायचं आणि बायकांनी त्यांच्यासाठी चहा करायचा. मी दारातच थांबले. काकू दादांचा धमार म्हणत होत्या. आवाज बारीक, पण सूर पक्का. अंतऱ्याची शेवटची ओळ आली आणि काकू चुकल्या.

मला हसू आलं. आदल्या दिवशीचं यश अंगात होतंच. मी पुढं होऊन म्हटलं, "काकू, तिथं निषाद कोमल आहे." आणि म्हणून दाखवला.

काकू दचकल्या, मग लाजल्या. "तुझं ते कोमलबिमल मला काय कळतंय? मी आपली ऐकून म्हणते."

"मग नीट ऐका," मी म्हटलं आणि पुन्हा म्हणून दाखवला.

काकूंनी शेंग तशीच हातात धरली. "नाही गं. असं नाही ते."

"असंच आहे. काल गायले की मी."

"मामंजी असं नाही म्हणायचे." काकूंनी ती ओळ पुन्हा म्हटली. वरून उतरताना सरळ, स्वच्छ शुद्ध निषाद. "लग्न होऊन आले तेव्हापासून दर श्राद्धाला ऐकते आहे. ह्या वर्षी श्रीपादनं म्हटला, त्यानंही असाच म्हटला. बाकी सगळं बिघडवलं हो त्यानं, पण हे बरोबर म्हटलं."

मी खाली बसले. ती ओळ मनातल्या मनात काकूंसारखी म्हणून पाहिली. खडा नव्हता. कुलपात किल्ली बसावी तसा निषाद बसला, आणि मागची सगळी उलटसुलट वाट कशासाठी होती ते कळलं. कुणाला विचारायची गरज नव्हती. खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ऐकणारा माझा कान बुवांनीच तयार केला होता.

काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. "तुला वेगळं शिकवलंय का गं?"

मी समोरची एक शेंग उचलून सोलायला लागले.

"मला खरंच ठाऊक नव्हतं, मंदा." त्या शेंगा बाजूला सारून जवळ आल्या. "मामंजी म्हणायचे, घरचं बाहेर द्यायचं तर खूण घालून द्यावं. मला वाटायचं भांड्यांबद्दल बोलतायत. कार्याला वगैरे आपण भांडी देतो ना लोकांना, तसं."

भांड्यांचं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. कार्याला दिलेलं पातेलं कुणाच्याही चुलीवर चढलं तरी कुणाचं आहे ते कळावं, म्हणून त्याच्यावर नाव घालतात. अण्णांनी हजारो घातली असतील. आणि मला त्या क्षणी आतल्या दाराची कडी आठवली. रस्त्याकडच्या दारातून कुणीही ऐकलं असतं तरी बिघडत नव्हतं. ती कडी माजघरासाठी होती. काकूंनी ऐकलं असतं तर त्या भोळेपणानं आत येऊन म्हणाल्या असत्या, अहो, हे असं नाही.

बुवा आले ते मजेत आले. काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाले की गावभर तुझंच नाव आहे. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काकूंना आत जायला सांगितलं. काकू गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा गेल्या नसतील.

"कोमल की शुद्ध, बुवा?" मी विचारलं.

बुवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कुठला स्वर, असं त्यांनी विचारलं नाही, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता.

"घरची पद्धत आहे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी घातलेली. बाहेर द्यायचं ते एक जागा बदलून द्यायचं. उद्या कुणी कुठं गायलं तर कुणाकडून गेलं ते कळायला हवं. यात तुझा अपमान नाही. सगळीकडे असंच असतं."

"मी घरचीच, म्हणाला होतात."

"आहेसच. पण घर वेगळं आणि शिष्य वेगळा. तुलाही कळतं ते." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "गाणं काय खोटं शिकवलं का मी तुला? सगळं दिलं. एका स्वराचं काय एवढं?"

"एक स्वर चुकला म्हणजे गाणं चुकलं, हे मला कुणी सांगितलं होतं?"

बुवांनी छातीवर हात दाबला. त्यांना धाप लागली होती. एरवी मी उठून पाठीवरून हात फिरवला असता.

"आणि ते मान खाली घालून घरी येणं?" मी म्हटलं.

"ते?" बुवांच्या चेहऱ्यावर, जीभ झडो माझी, किंचित समाधान आलं. "तू अडलीस तेव्हा ते मला तिथल्या तिथं सुचलं. बरं जमलं होतं की."

खोटा स्वर दिला ते मी एक वेळ गिळलं असतं. घराण्यांच्या असल्या गोष्टी मी ऐकून होते, दुसऱ्यांच्या म्हणून त्यांना हसलेही होते. पण त्या वाक्यावर मी रडले होते. ते वाक्य मी सभेत गायले होते. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या पडवीत कळलं, आणि कापणाऱ्याला कापताना वाईटसुद्धा वाटत नव्हतं.

"मोघेसरांना माहीत होतं?"

"मोघ्यांचा या घरात वडिलांच्या वेळेपासून राबता आहे."

म्हणजे म्हणून ते हसत होते. भर सभेत मी त्यांना खूण दाखवत होते, तीही डोळे मिटून, जीव ओतून, पुन्हा पुन्हा. सोनं कसाला लागलं नव्हतं. पातेलं कुणाचं आहे ते उलटं करून पाहिलं होतं आणि नाव बरोबर निघालं होतं. श्रीपादनं खाली पाहिलं होतं ते लाजेनं. त्या सगळ्या रांगेत लाज वाटलेला तो एकटाच, आणि मी त्याचीच कीव केली होती.

मी उठले. बुवा म्हणाले, "आता तुला कळलंच आहे. पण शुद्ध निषाद घेऊन गाऊ नकोस. तो घराबाहेर जाऊ देणार नाही असा मी वडिलांना शब्द दिलाय. तूही दे."

"मी घराबाहेरच आहे, बुवा. माझा शब्द तुमच्या काय कामाचा?"

पेढ्यांचा पुडा मी पडवीतच विसरले. तंबोरा माझा होता, तो मात्र घेऊन आले. अण्णांनी मला तंबोऱ्यासकट दुकानात शिरताना पाहिलं आणि काय झालं ते विचारलं नाही. हातातल्या तांब्यावर कुणाचं तरी नाव घालत राहिले.

कोल्हापूरची जागा तोवर भरली होती. मी कऱ्हाडला मुलींच्या शाळेत लागले आणि तिथंच राहिले. बुवांकडे पुन्हा गेले ती ते गेल्यावर, काकूंसाठी. गाणं सोडलं नाही. दादांचा राग लोक मागून घ्यायचे, कारण सरांच्या त्या टेपच्या कॅसेटी होऊन सगळीकडे पोचल्या होत्या. आणि मी तो कोमल निषाद घेऊनच गात राहिले. शुद्ध घेतला असता तर जाणकार म्हणाले असते, तांबटबाईंनी घराण्यात ढवळाढवळ केली. एकदा नाव घातलेलं भांडं, ते घासून कोण पुसणार? श्रीपादनं गाणं सोडून दिलं, साहेब झाला, आणि निवृत्त व्हायच्या आतच हृदयविकारानं गेला. काकू गेल्या. मोघेसर गेले. पुढं कुणीतरी माझ्यावर लेख लिहिला, त्यात मला मेढेकर घराण्याची एकमेव वारसदार म्हटलं होतं. तो मी वाचला आणि त्याच कागदावर लसूण सोलला.

ध्रुपदमालेच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी श्रीपादचा मुलगा निनाद माझ्याकडे आला. भोपाळला राहून ध्रुपद शिकून आलेला. दारात वाकून पाया पडला तेव्हा उंचीनं, खांद्यांनी हुबेहूब बुवा. महोत्सवाच्या समारोपाला त्याला दादांचा राग गायचा होता आणि घरात तो कुणालाच येत नव्हता. बाबा म्हणायचे, पुढं शिकवीन, म्हणाला. शिकवायचा राहूनच गेला.

"आत्या, तुम्हीच द्यायला हवा," तो म्हणाला. "तुम्ही काय, घरच्याच."

पोरानं अगदी मनापासून म्हटलं. त्याला काय माहीत.

मी त्याला समोर बसवलं. रस्त्यावरून ट्रक जात होते, तो म्हणाला, दार लावून घेऊ का? मी म्हटलं, राहू दे उघडं. गळा काय होता त्याचा. बापाचं सगळं राहिलेलं त्यानं भरून काढलं होतं. मला दिवस लागले ती स्थायी त्यानं तासाभरात उचलली. अंतरा आला. शेवटच्या ओळीत मी उतरले तसा तो उतरला, थांबला, पुन्हा उतरला. कपाळाला आठी पडली.

"आत्या, इथं शुद्ध नाही का येणार? कान आपोआप तिकडं जातोय."

खरा तो. रक्त म्हणा, कान म्हणा. पडवीत बसलेल्या काकू मला त्याच्या मागं दिसल्या. एक शब्द पुरला असता. हो, शुद्धच आहे, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

"निनाद," मी म्हटलं, "माणूस दिवसभर बाहेर कितीही छाती काढून हिंडो. घरी परतताना त्याची मान जरा खाली असते. तसा हा निषाद. उतरताना उतरलेला."

त्याचे डोळे भरून आले. अगदी माझे आले होते तसे. "वा," तो म्हणाला. "हे आजोबांचं?"

"तुझ्या आजोबांचंच. मला त्यांनी असंच शिकवलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला त्याबद्दल रात्री झोप लागत नाही, असंही काही नाही.

समारोपाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ओळख करून देताना त्याचं घराणं चार पिढ्यांपर्यंत सांगितलं गेलं. निनाद सुंदर गायला, माझ्याहून चांगला. अंतऱ्याची शेवटची ओळ आली, तो वर षड्जावर थांबला आणि दादांच्या खापरपणतूनं बाहेरच्यांसाठी राखलेला कोमल निषाद डोळे मिटून, जीव ओतून घेतला.

"वा!" मी म्हणाले.

आणि नकळत शेजारी पाहिलं. तिथं कुणीतरी नवे अध्यक्ष बसले होते. मी दाद दिली म्हणून त्यांनीही मान डोलावली. ओळखून हसेल असं माणूस त्या सबंध मांडवात उरलं नव्हतं.